मालासादा तेल का पितो, आणि पोर्तुगालची चव हवाईत कशी पोचली

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही हवाईच्या ओआहू बेटावर राहून आलात. नाश्त्याच्या ताटलीत भात आणि अंड्यांशेजारी पोर्तुगीज सॉसेज होतं, दुकानांत पोर्तुगीज स्वीट ब्रेड होता आणि बेकरीसमोर मालासादांसाठी, म्हणजे यीस्टने फुगवून तळलेल्या आणि साखरेत घोळवलेल्या गोळ्यांसाठी, रांग होती. पोर्तुगालने हवाईवर कधी राज्य केलं नाही, मग हे सगळं तिथे कसं, असं तुम्ही विचारलंय. पुण्याला परतल्यावर तुम्ही मालासादा करून पाहिले. अर्धा किलो मैदा, एक वाटी साखर, तीन अंडी आणि यीस्ट घेतलं, पीठ तासभर झाकून ठेवलं आणि कडकडीत तेलात गोळे सोडले. पहिला घाणा बाहेरून करपला, आत चिकट राहिला. आच कमी केली तर दुसरा घाणा तेल पिऊन बसला. शेवटी तुम्ही विचारलंय की पोर्तुगीज गोड पदार्थांपैकी आणखी काय करून पाहावं, आणि सुरुवात पास्तेल द नाताने, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत भाजलेल्या कस्टर्डने, केली तर चालेल का.

मी मूळचा वसईचा. बेकरीकामात आयुष्य गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं हवाईच्या बिग आयलंडवर. तळणीची कढई आणि गोड ब्रेडची भट्टी, दोन्ही हाताखालून गेली आहेत. तुमचे तीन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. हवाईत पोर्तुगीज म्हणून कोण आलं हे कळलं की मालासादाचं पीठ तसं का असतं तेही कळतं, आणि सुरुवात कुठून करावी याचंही उत्तर मिळतं.

तर आधी माणसं. 1875 साली हवाईच्या राज्याचा अमेरिकेशी करार झाला आणि हवाईची साखर जकात न भरता अमेरिकेत जाऊ लागली. उसाचे मळे झपाट्याने वाढले आणि मजूर कमी पडू लागले. विल्यम हिलब्रँड नावाचे जर्मन डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आधी हवाईत राहून नंतर मदेरा बेटावर मुक्कामाला होते. मदेराचे लोक इकडे आणा, अशी शिफारस त्यांनी केली. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट, हवेत आणि डोंगरउतारांत हवाईसारखंच. तिथे पंधराव्या शतकापासून ऊस होता, त्यामुळे उसाचं काम लोकांच्या अंगवळणी पडलेलं. शिवाय त्या काळात द्राक्षवेलींवर रोग पडून तिथली वाइन बसली होती आणि लोक पोटासाठी बाहेर पडायला तयार होते. 30 सप्टेंबर 1878 रोजी ‘प्रिसिला’ हे जहाज मदेराच्या पहिल्या तुकडीला घेऊन होनोलुलूला लागलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून केलेला चार महिन्यांचा प्रवास होता तो. पुढच्याच वर्षी ‘रेव्हन्सक्रॅग’ आलं. युकुलेले ज्या छोट्या मदेरी तंतुवाद्यावरून घडलं, ते वाद्य आणि ते बनवणारे सुतार याच जहाजातून आले. मग अझोर्स बेटांवरून, मुख्यतः साओ मिगेलवरून, माणसं येत राहिली. 1913 पर्यंत हजारो जण आले.

यातली एक गोष्ट स्वयंपाकाच्या दृष्टीने फार मोठी आहे: ही माणसं कुटुंबकबिल्यासह आली. मळ्यांवर आलेले चिनी आणि सुरुवातीचे जपानी मजूर बहुतेक एकटे पुरुष होते. पोर्तुगीजांबरोबर बायका, मुलं, आज्या होत्या. आजी आली की सणाचा पदार्थ आपोआप येतो. मळ्यावरच्या वस्तीत त्यांनी दगडविटांची घुमटाकार भट्टी बांधली. तिला ते फोर्नु म्हणतात. आत लाकडं जाळायची, निखारे आणि राख ओढून काढायची, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, मूठभर पीठ टाकून ताव बघायचा. पीठ टाकल्या टाकल्या काळं पडलं तर थांबायचं. मग उतरत्या तावावर आधी साधा पाव आणि नंतर गोड ब्रेड. एका भट्टीवर पाच-सात घरांचं भागायचं, आणि भाजल्याचा वास सुटला की शेजारच्या जपानी-फिलिपिनो वस्तीतली पोरं येऊन उभी राहायची. असं तिथल्या जुन्या लोकांकडून मी पुष्कळदा ऐकलंय. बिग आयलंडवर केआलाकेकुआ इथे कोना हिस्टॉरिकल सोसायटी अशा दगडी भट्टीत गुरुवारी ब्रेड भाजून दाखवते. पुन्हा गेलात तर अवश्य जा, हात लावू देतात.

आता आपल्याकडची गोष्ट आठवा. 1534 ते 1739 वसई पोर्तुगिजांकडे होती, जवळपास तेवढाच काळ मुंबईच्या उत्तरेचं साष्टी बेटही, आणि गोवा तर 1961 पर्यंत. आमच्याकडे पोर्तुगीज आले ते राज्यकर्ते आणि पाद्री म्हणून. हवाईत आले ते करारावरचे मजूर म्हणून. म्हणून दोन्हीकडे पोचलेलं अन्न वेगळं आहे. गोव्यात बेबिंकासारखे चाळीस पिवळ्या बलकांचे, थरावर थर देत बसायचे पदार्थ रुजले, कारण तशी फुरसत आणि तसं स्वयंपाकघर असलेली मोठी घरं तिथे होती. मळ्यावर साडेचारला उठून उसात जाणाऱ्या बाईला तो वेळ कुठला? तिने आणलं ते सणाच्या दिवशी करायचं गोड पीठ. त्याचा अर्धा भाग भट्टीत गेला की ब्रेड, अर्धा कढईत गेला की मालासादा. बाकी लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, म्हणजे मदेराचा नाताळचा पदार्थ आणि गोव्याच्या विंदालूचा सख्खा भाऊ, तेही आलं. सॉसेज आलं. राजमा, कोबी, बटाटा, मॅकरोनी आणि डुकराचा पाय घालून केलेलं घट्ट सूप आलं. तुम्ही पाहिलेली सॉसेज-अंडी-भाताची ताटली म्हणजे मळ्यावरचे डबे एकमेकांत मिसळले त्याचं फळ. सॉसेज पोर्तुगीजांचं, भात जपानी-चिन्यांचा. तिथल्या मॅकडोनल्ड्समध्येसुद्धा ती मिळते.

हवाईत ‘पोर्तुगीज’ म्हणतात तेव्हा लिस्बन डोळ्यासमोर आणू नका, मदेरा आणि अझोर्स आणा. तिथला मुख्य गोड पदार्थ म्हणजे यीस्टने फुगवलेलं, अंडी-लोण्याचं पीठ. कस्टर्ड आणि पापुद्र्यांचे नाजूक प्रकार म्हणजे दुसरं घराणं.

मालासादाचा दिवस ठरलेला आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपासकाळाच्या आदल्या दिवशीचा मंगळवार. घरात डुकराची चरबी, अंडी, साखर जे असेल ते संपवून टाकायचं, कारण दुसऱ्या दिवसापासून वर्ज्य. हवाईत आजही त्या मंगळवाराला लोक मालासादा डे म्हणतात आणि कॅथलिक नसलेलेही डझनावारी नेतात. घरातला हा पदार्थ दुकानात आला तो होनोलुलूच्या कापाहुलू रस्त्यावरच्या लेनर्ड्स बेकरीमुळे. ती 1952 मध्ये सुरू झाली. मालक लेनर्ड रेगो यांचं घराणं साओ मिगेलहून आलेलं, आणि त्या मंगळवारी मालासादा करून विक, असं त्यांच्या आईने सुचवलं. तिथून तो बारमाही झाला. आत हाउपिया म्हणजे नारळाच्या दुधाचं घट्ट पुडिंग, लिलिकोई म्हणजे पॅशनफ्रूट, पेरू, कस्टर्ड भरायची पद्धत ही बेकऱ्यांची. जुन्या घरांत भरलेला मालासादा मी पाहिलेला नाही. अझोर्सला तर तो गोलही नसतो, हाताने ताणून चपटा, मधे पातळ आणि कडेला जाड करतात. मदेराला वर साखरेऐवजी उसाची काळसर पातळ काकवी ओततात. ही आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या काकवीच्या इतकी जवळची आहे की मी घरी तीच वापरतो. एकदा गरम मालासादावर काकवी घालून खा, साखर विसराल.

आता तुमची कढई. तुम्ही दिलेल्या मापांवरून मला वाटतं की करपणं, कच्चं राहणं आणि तेल पिणं यांचं मूळ एकच आहे, साखर. अर्धा किलो मैद्याला एक वाटी म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम साखर, मैद्याच्या तीस टक्के. इतकी साखर पिठातलं पाणी स्वतःकडे ओढून धरते, यीस्टला पाणी मिळत नाही आणि ते रेंगाळतं. म्हणून तासाभरात तुमचं पीठ फुगलंच नसणार, नुसतं सैल पडलं असणार. न फुगलेला गोळा म्हणजे आत गच्च पीठ, त्यात उष्णता शिरायला वेळ लागतो. तोवर बाहेरची साखर आणि दूध काळं होऊन जातं. झाला तुमचा पहिला घाणा. मग तुम्ही आच उतरवलीत. तेल थंड, गोळा जड, म्हणून तो बराच वेळ तेलात पडून राहिला. झाला दुसरा घाणा. तेल कडकडीत तापवलंत तेही चुकलंच. पण मूळ बिघाड त्याच्या आधी, परातीत झालाय.

मालासादाची गोडी पिठात नसते, वर घोळवलेल्या साखरेत असते. हे एकदा मान्य केलं की निम्मं काम झालं.

माझं घरचं माप देतो. मैदा 500 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, मीठ 7 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, चार अंडी (कवचाशिवाय 190 ते 200 ग्रॅम भरली पाहिजेत, आपल्याकडची अंडी लहान असतात, म्हणून वजन करा), लोणी 50 ग्रॅम, कोमट दूध 180 ते 220 मिली. एका लिंबाची किसलेली साल आवडत असेल तर. दुधाचं माप मी मोघम ठेवलंय ते मुद्दाम. अमेरिकेतल्या ब्रेडच्या मैद्यात प्रथिनं जास्त असतात, तो पाणी जास्त पितो. आपला बाजारातला मैदा कमी पितो, आणि पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणून 180 मिलीपासून सुरू करा आणि पीठ बघत वाढवा. पीठ हाताला चिकटायला हवं. पोळीच्या कणकेसारखा घट्ट गोळा झाला की समजा बिघडलं. घाबरून कोरडा मैदा भुरभुरवायचा मोह होतो, तो आवरा.

लोणी सोडून सगळं एकत्र करून दहा मिनिटं मळा. मळा म्हणजे परातीत आपटा: पीठ उचला, आपटा, स्वतःवर दुमडा. आधी ते परातीला लोळागोळा चिकटून बसतं, मग हळूहळू एकसंध होऊन परात सोडायला लागतं. तेव्हा मऊ लोणी थोडं थोडं घालून आणखी पाच-सात मिनिटं. लोणी शेवटी घालायचं कारण असं की ते आधी गेलं तर मैद्याच्या कणांवर थर धरतं आणि पिठाला तार येत नाही. चिमूटभर पीठ दोन हातांत ताणून पाहा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पापुद्रा न फाटता झाला की बास. ही तार नसेल तर तळताना वाफ धरून ठेवायला आत काही राहत नाही, आणि वाफ गेली की तेल शिरतं.

पहिलं फुगणं घड्याळावर ठेवू नका. पुण्यात मे महिन्यात तासाभरात दुप्पट होईल, डिसेंबरात दोन-सव्वादोन तास लागतील. दुप्पट झालं पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. मला विचाराल तर रात्री मळून थोडं फुगलं की फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी करा. चव खोल येते आणि थंड पीठ हाताळायलाही सोपं.

आकार द्यायला दोन वाटा आहेत. बेकरीत आम्ही गोळे तोलून करतो, घरी 50 ग्रॅमचा एक पुरे. पॅनमध्ये तेल कमी असेल तर त्याहूनही लहान घ्या. प्रत्येक गोळा तेल लावलेल्या बटर पेपरच्या चौकोनावर ठेवायचा, म्हणजे उचलताना हाताने दबत नाही, कागदासकट तेलात सोडायचा आणि चिमट्याने कागद ओढून घ्यायचा. दुसरी वाट जुन्या घरांची: पीठ जरा सैल ठेवायचं, हाताला तेल लावून मुठीतून गोळी पिळून थेट कढईत सोडायची. ही दुसरी रीत मी पहिल्यांदा एका हवाईच्या पोर्तुगीज आजीच्या स्वयंपाकघरात पाहिली तेव्हा अंगावर काटा आला, कारण वसईत आमच्या घरी नाताळला फुगे असेच करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पूर्वी ताडीने आंबवलेलं आणि आता यीस्टने. डाव्या मुठीत पीठ, अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर आलेला गोळा उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडायचा आणि तेलात टाकायचा. तेलात पडला की तो आपोआप कूस बदलतो. तीच मूठ, तोच अंगठा. साष्टीतल्या, वसईतल्या ईस्ट इंडियन आणि कुपारी या ख्रिस्ती समाजांच्या घरांत हे फुगे मांसाच्या झणझणीत रश्श्याबरोबर खातात, हवाईत साखरेत घोळवून. तुमच्या ओळखीत वसईचं कुणी ख्रिस्ती कुटुंब असेल तर नाताळच्या आधी एक दिवस त्यांच्याकडे जाऊन उभ्या राहा. माझ्या हजार शब्दांपेक्षा जास्त शिकाल.

गोळे केल्यावर दुसरं फुगणं, अर्धा ते पाऊण तास. बोटाने हलकेच दाबा. खळगा चटकन भरून आला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर तयार, अजिबात भरला नाही तर उशीर झाला. उशीर झालेला गोळा तेलात बसतो आणि भरपूर तेल पितो.

आता तेल. ताजं शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा सूर्यफुलाचं. आदल्या दिवशी भजी तळलेलं तेल वापरू नका. जुनं झालेलं तेल पिठाला जास्त चिकटतं आणि आत जास्त शिरतं. खोल कढईत निदान तीन इंच. ताव 170 ते 175 अंश सेल्सिअस. थर्मामीटर घ्याच, महाग नसतो. नसेल तर पिठाची चिमूट सोडा: तळाला जाऊन तीन-चार सेकंदांनी बुडबुड्यांसह वर आली तर ठीक. पडताच उसळून वर आली तर तेल फार तापलंय. धूर दिसणारं कडकडीत तेल पुरीला एकवेळ चालेल, इथे नाही. एका वेळी तीन-चारच सोडा, कारण प्रत्येक गार गोळा ताव खाली ओढतो. दर बाजूला दोन ते अडीच मिनिटं. नीट फुगलेला मालासादा तेलात निम्मा वर तरंगतो, आणि त्याच्या कमरेला फिकट पट्टा राहतो. बेकरीत नवीन मुलगा आला की मी त्याला तो पट्टाच बघायला शिकवतो. पट्टा नसेल तर गोळा बुडून तळला गेलाय, म्हणजे जड आहे.

तेलाबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तळत असताना आतली वाफ जोराने बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बरंचसं तेल शिरतं ते कढईतून काढल्यावर. मालासादा निवायला लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेऊन कढईवर पाच-सहा सेकंद निथळा, मग जाळीवर ठेवा. ताटात कागद पसरून एकावर एक रचले तर खालच्याला घाम येतो आणि तेलही मुरतं. जाळीवर मिनिटभर, आणि गरम असतानाच साखर. पिठीसाखर नको, ती विरघळून चिकट होते. आपल्याकडची साखर दाण्याने मोठी असते, ती मिक्सरमध्ये एकदाच फिरवून घ्या, दाणा बारीक झाला पाहिजे पण पीठ होता कामा नये. दालचिनीची पूड घालायची तर थोडीच.

सारण भरायचं असेल तर मालासादा कोमट झाल्यावर, लांब नळीने बाजूच्या फिकट पट्ट्यातून. हाउपिया आपल्याकडे सहज होतो: 400 मिली घट्ट नारळाचं दूध, 80 ग्रॅम साखर, 35 ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून, मंद आचेवर सतत ढवळत चकचकीत होईपर्यंत, मग निववून घोटून घ्यायचं. पण पहिल्या वेळी साधेच करा. सारण मालासादातली खोट झाकतं, आणि तुम्हाला सध्या खोट दिसायला हवी आहे.

अंड्याशिवाय होतील का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. दही-दूध घालून यीस्टचे तळलेले गोळे चांगले होतात, पण मालासादाची ती आत ओलसर, जाळीदार, बाहेर पातळ कुरकुरीत अशी गंमत अंड्याची आहे. घरात चालत नसतील तर वेगळा पदार्थ म्हणून करा आणि मजेत खा, तुलना करू नका.

हेच पीठ थोड्या फरकाने गोड ब्रेड होतं. साखर 100 ग्रॅम, दूध 150 मिलीच्या आसपास, आणि जमलं तर एक उकडलेला बटाटा कुस्करून. बटाट्याने ब्रेड मऊ राहतो, तिथल्या जुन्या कृतींमध्ये तो हमखास असतो. साखर जास्त म्हणून फुगायला दुप्पट वेळ द्या. 170 अंशांवर भाजा, वर लवकर रंग आला तर फॉइलचा कागद टाका. हवाईचा हा ब्रेड जगभर नेला तो रॉबर्ट तायरा यांनी. ओकिनावाहून आलेल्या मजूर घरातला मुलगा, 1950 मध्ये हिलोत बेकरी काढली आणि पोर्तुगीज शेजाऱ्यांचा ब्रेड जास्त दिवस मऊ राहील असा करून विकला. किंग्ज हवाईयन नावाने सुपरमार्केटात मिळतो तो हाच. बिग आयलंडच्या दक्षिण टोकाला नालेहूला पुनालुऊ बेक शॉप आहे, तिथे पेरूचा आणि तारोचा म्हणजे अळकुड्यांच्या जातीच्या कंदाचा गोड ब्रेड मिळतो. मला तो कारखान्यातल्यापेक्षा आवडतो.

राहिला प्रश्न आणखी काय करावं याचा. पास्तेल द नातापासून सुरुवात करू नका. लिस्बनच्या बेलेंमध्ये 1837 पासून तो विकला जातो, आणि त्याचं मूळ मठातलं: मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांच्या खळीला जायचा आणि उरलेल्या बलकांची गोडं व्हायची. मला तो अतिशय आवडतो. पण पापुद्र्याचं पीठ आणि कस्टर्डवरचे काळे डाग एकाच वेळी साधायला घरच्या ओव्हनपेक्षा खूप जास्त ताव लागतो. मकावमध्ये कोलोआन बेटावर अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने 1989 मध्ये त्याची स्वतःची आवृत्ती काढली आणि ती पूर्व आशियाभर पसरली. ती कस्टर्डला जास्त मऊ आहे, पण ओव्हनची अडचण तिथेही तीच.

तुम्हाला मी बेटांवरचे पदार्थ सुचवेन, आणि सगळ्यात आधी बोलु लेव्हेदु. साओ मिगेलच्या फुर्नास गावचा. मालासादाच्याच जातीचं पीठ, जरा घट्ट, मूठभर गोळ्याची दीड सेंटिमीटर जाड चकती थापायची, फुगू द्यायची आणि कोरड्या जाड तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी बदामी भाजायची. ओव्हन नको, तेल नको, आणि आपल्या घरी तवा असतोच. लोणी लावून चहाबरोबर खा. यातून तुम्हाला पीठ कधी पुरतं फुगलं ते तळणीची घाई न करता कळेल, म्हणून मालासादाचा पुढचा प्रयत्न करण्याआधी हे करा असं माझं आग्रहाचं सांगणं. मदेराचा बोलु दु काकु पण तसाच तव्यावरचा, पण खारा: उकडलेलं रताळं, मैदा, यीस्ट, मीठ, पाणी. गरम असताना चिरून लसणाचं लोणी.

काकवी मिळत असेल तर नाताळात मदेराचा बोलु द मेल करा. काकवी, लोणी, दालचिनी, लवंग, अक्रोड-बदाम. मदेराला 8 डिसेंबरच्या सुमारास करून ठेवतात, वर्षभर टिकतो, सुरीने कापत नाहीत, हाताने तोडून वाटतात. आणि तेर्सेइरा बेटाचे दोना आमेलिया नावाचे छोटे केक, 1901 मध्ये राणी आमेलिया तिथे आली तेव्हा तिच्या नावाने केलेले. बारीक मक्याचं पीठ, उसाची काकवी, दालचिनी, जायफळ, मनुका. या बेटावर मसाल्यांची इतकी रेलचेल का, याला कारण आहे: भारतातून परतणारी पोर्तुगीज जहाजं लिस्बनला जाण्याआधी तेर्सेइराच्या आंग्रा बंदरात थांबत. आपल्या किनाऱ्यावरून गेलेला माल तिथे उतरायचा. या केकला मोठा ओव्हन लागत नाही, छोट्या ओव्हनमध्येही 180 अंशांवर वीस मिनिटांत होतात.

उरलेल्या मालासादांबद्दल: ते तासाभरात खायचे असतात. उरलेच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये 160 अंशांवर पाच मिनिटं, मायक्रोवेव्ह नको, चामट होतात. त्यापेक्षा तळायचे तेवढेच तळा आणि बाकीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तम राहतं.

पुढच्या वेळी साखर 60 ग्रॅमवर आणून करून बघा आणि इथेच लिहा. लिहिताना एवढं सांगा: यीस्ट कुठल्या प्रकारचं वापरलं आणि डबा कधी उघडला होता, पीठ दुप्पट व्हायला किती वेळ लागला, कढईत तेल किती खोल होतं, आणि कमरेला पट्टा आला का. एक मालासादा मधोमध फाडून त्याचा फोटो टाकलात तर बाकीचं मी त्यावरून सांगेन.